अर्धे इल्म आणि दुसऱ्याचे मन

'नीम हकीम खतरा-ए-जान, नीम मुल्ला खतरा-ए-ईमान' ही म्हण आमच्या घरांत मराठी बोलतानाही सहज तोंडी येते. अर्धवट वैद्याच्या हाती जीव धोक्यात, अर्धवट मौलवीच्या हाती ईमान धोक्यात. ही म्हण घडली तेव्हा तिसरा एक अर्धवट जाणकार अजून जन्माला यायचा होता. तो म्हणजे मनाचे शास्त्र थोडेसे शिकलेला माणूस. त्याच्या हाती काय धोक्यात येते, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर असे की, त्याच्या हाती माणसाची अब्रू धोक्यात येते. मात्र म्हणून हा विषय अर्धा शिकूच नये, असे म्हणायला आम्ही तयार नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसे म्हणता येते, ते या लेखात तपासून पाहायचे आहे.

आज हा प्रश्न पडण्याचे कारण असे की, अर्धे शिकणे आता विद्यापीठाच्या रचनेतच आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. त्यात विद्यार्थी एक मुख्य विषय घेतो आणि जोडीला एक दुय्यम विषय, म्हणजे 'मायनर'. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, त्यांतले २४ दुय्यम विषयाचे. महाराष्ट्रात ही रचना २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. कल्पना तशी नवी नव्हे. पुणे विद्यापीठाच्या कला शाखेत पूर्वी 'स्पेशल' आणि 'जनरल' अशी भाषा होती. इतिहास स्पेशल, मानसशास्त्र जनरल. मराठी स्पेशल, अर्थशास्त्र जनरल. आम्ही त्या जनरलवाल्यांपैकी. त्या वेळी हा जनरल विषय गुणपत्रिकेपुरता असे. आता त्याला पदवीवर स्वतःचे नाव आणि मान मिळाला आहे, आणि आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतल्या मुली वाणिज्य, इंग्रजी किंवा संगणकशास्त्राच्या जोडीला मानसशास्त्र घेऊ लागल्या आहेत. घरच्यांनाही ते चालते. 'मुख्य विषय नोकरीचा आहे ना, मग दुसरा तुझ्या आवडीचा घे,' असे म्हणून अब्बा सही करतात.

व्याख्यानाच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास धरले, तर २४ क्रेडिटचे ३६० तास होतात. याउलट मनोविकारतज्ज्ञ व्हायचे तर साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि त्यावर तीन वर्षांचे एमडी करावे लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते. ३६० तासांनी यातले काहीही हाती येत नाही. मग येते काय?

१८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला काढलेली प्रयोगशाळा येते, पावलोव्हचा कुत्रा येतो, फ्रॉइडचे अबोध मन येते. स्मृती, बुद्धी, व्यक्तिमत्त्व, समूहाचे वर्तन, थोडे संख्याशास्त्र आणि शेवटी मनाच्या आजारांची तोंडओळख. हा शेवटचा भाग सुरू झाला की वर्गात एक गंमत घडते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जसा पुस्तकातला प्रत्येक रोग आपल्यालाच झाला आहे असे वाटते, तसे इथेही होते. आठवडाभर प्रत्येकाला स्वतःत लक्षणे दिसतात. पुढच्या आठवड्यापासून ती घरच्यांत दिसू लागतात. अब्बांचा राग, भाभीचे गप्प राहणे, दादीचे तेच तेच विचारणे, प्रत्येकाला पुस्तकातले एक नाव मिळते. मोबाइलवरून येणारे शब्द त्यात भर घालतात. कोण टॉक्सिक, कोण नार्सिसिस्ट, कुणाला ट्रॉमा, याचे निकाल मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवरही लागतात.

गंमत इथे संपते आणि नीतीचा प्रश्न सुरू होतो. एक उदाहरण घेऊ. समजा, घरातली फुफी वजू करायला बसते आणि उठतच नाही. कोपरापर्यंत हात नीट धुतला की नाही याची तिला खात्री वाटत नाही. ती पुन्हा धुते. नमाजला उभी राहते, नियत बांधते, शंका येते, पुन्हा पहिल्यापासून. घरात याला सगळे 'वस्वसा' म्हणतात. दुय्यम विषय घेतलेल्या तिच्या भाचीला याचे दुसरे नाव ठाऊक झाले आहे, ओसीडी. एके रात्री दस्तरखानावर ती ते नाव उच्चारते. नाव चुकीचे असेलच असे नाही. पण त्या क्षणापर्यंत फुफी ही जरा जास्तच पाकी पाळणारी, दीनदार बाई होती. त्या क्षणापासून ती 'केस' झाली. ती लग्नाच्या वयाची असती तर रिश्ता आणणाऱ्या घरापर्यंत हे नाव पोहोचायला फार दिवस लागले नसते. अब्रू धोक्यात येते, असे आम्ही म्हटले ते याच अर्थाने.

आता हीच गोष्ट उलट करून पाहू. भाचीला सगळे समजले, पण 'आपला तर दुय्यम विषय, आपण कशाला बोला' म्हणून ती गप्प राहिली. मग फुफी आणखी वीस वर्षे थंड पाण्यात हात घालत राहील. हा आजार उपचाराने आटोक्यात येतो, हे तिला कुणी सांगणारच नाही, कारण घरात हे ठाऊक असणारे माणूस एकच होते आणि ते गप्प बसले. बोलले तर अब्रू जाते, गप्प राहिले तर आयुष्य जाते. ३६० तास शिकलेल्या मुलीने काय करावे?

यावर काही जण सरळ उत्तर देतात की, हे काम तज्ज्ञांचे, त्यांच्यावर सोडा. उत्तर शहाणपणाचे आहे. अडचण एवढीच की तज्ज्ञ आहेत कुठे? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसले की देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्या वेळी त्रस्त होते. त्या पाहणीनुसार निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही आपल्याकडे भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावातल्या मुस्लिम मोहल्ल्यात राहणारे कुटुंब आधी कुठे जाते, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. आधी घरातला जाणता माणूस, मग मशिदीतले इमामसाहेब, मग तावीज देणारा आमिल, मग दर्गा. डॉक्टर आला तर सर्वांत शेवटी.

या वाटेच्या टोकाला काय असू शकते, ते ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे देशाने पाहिले. तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथे मोठा दर्गा आहे. मन बिघडलेल्या माणसांना घेऊन तिथे दुरून लोक येत. दर्ग्याच्या आसपास खाजगी 'घरे' उभी राहिली होती. त्यांतल्या एका घराला आग लागली. आत माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण जळून मेले. त्यांच्या घरच्यांना ती माणसे नकोशी झाली होती असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. कितीतरी जणांनी मोठ्या श्रद्धेने, पदरचा पैसा मोडून त्यांना तिथे आणले होते. त्यांना सांगणारे कुणी भेटले नव्हते की साखळी हा इलाज नाही, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. एवढे सांगायला एमडी लागत नाही. ३६० तास पुरेसे आहेत, खरे तर पुष्कळ झाले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही रीतीने साखळीने बांधणे बेकायदा ठरवले. कायदा दाराशी आला, पण तो घरात वाचून दाखवणारे कुणी तरी लागतेच.

इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये इल्मचे दोन भाग सांगितले आहेत. काही ज्ञान प्रत्येकावर फर्ज आहे. काही ज्ञान फर्ज-ए-किफाया आहे, म्हणजे समाजातल्या काहींनी ते घेतले तर सर्वांची जबाबदारी उतरते आणि कुणीच घेतले नाही तर सगळेच गुन्हेगार ठरतात. वैद्यक त्यांनी या दुसऱ्या भागात घातले. वर अशी तक्रारही केली की कित्येक गावांत मुसलमान वैद्य नाही आणि विद्यार्थी मात्र सगळे फिक्हच्या मागे लागले आहेत. नऊशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आज मनाच्या वैद्यकाला जशीच्या तशी लागू पडते. आमच्या समाजातून मनोविकारतज्ज्ञ निर्माण व्हायलाच हवेत. पण ते येईपर्यंत, आणि ते आल्यावरही, रुग्ण आणि तज्ज्ञ यांच्यामध्ये एक मधले माणूस लागणार आहे. दुय्यम विषय शिकलेली मुलगी ते मधले माणूस होऊ शकते.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. 'हे सगळे पश्चिमेचे. ईमान मजबूत असेल तर मन आजारी पडतच नाही.' हे बोलणारे वाईट हेतूने बोलत नाहीत. पण ज्या मुलाला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याला आपण आजारावर आणखी गुन्ह्याचे ओझे देतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. हजरत याकूब युसुफच्या दुःखाने रडून रडून दृष्टी गमावून बसले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचे ईमान कमजोर होते असे कोण म्हणेल? खुद्द गझाली १०९५ मध्ये बगदादला कीर्तीच्या शिखरावर असताना अशा अवस्थेत गेले की शिकवायला तोंड उघडले तरी शब्द फुटेना, अन्न गिळवेना. वैद्यांनी हात टेकले आणि सांगितले की दुखणे शरीराचे नाही. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे.

अबू झैद अल-बल्खी यांनी नवव्या-दहाव्या शतकात शरीराच्या आणि मनाच्या स्वास्थ्यावर एकच ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि वस्वसा यांवर त्यात वेगवेगळी प्रकरणे आहेत. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण सापडत नसलेले दुःख यांत त्यांनी फरक केला. १२८४ मध्ये कैरोला सुलतान कलावूनने बांधलेल्या बीमारिस्तानात मनाच्या रुग्णांसाठी वेगळी जागा होती. मनाचा इलाज करणे आपल्या परंपरेला परके नव्हते, एवढे यातून सिद्ध होते. मात्र 'आमच्याकडे हे आधीच होते' असे म्हणून मिशांना तूप लावण्यात अर्थ नाही. पूर्वजांचा दवाखाना आज आपल्या मोहल्ल्यातल्या आजारी मुलाच्या उपयोगी पडत नाही. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी १९७० च्या दशकात मुस्लिम मानसशास्त्रज्ञांना खडसावले होते की पश्चिमेच्या मागे डोळे मिटून जाऊ नका. पण त्यांनी स्वतः ते शास्त्र टाकले नाही. आयुष्यभर त्याच्या साहाय्याने रुग्ण पाहिले आणि बल्खींचा तो ग्रंथही त्यांनीच इंग्रजी वाचकांपुढे आणला. टीका आणि उपयोग एकाच माणसाला करता येतात, याचे ते चांगले उदाहरण आहे.

आता एक गोष्ट अशी सांगायची आहे की जिने या प्रश्नाचा तोंडवळाच बदलतो. आपण आतापर्यंत धरून चाललो की धोका अर्ध्या ज्ञानात आहे आणि पूर्ण ज्ञान सुरक्षित आहे. इतिहास असे म्हणत नाही. फ्रेंच राजवटीत अल्जीरियामध्ये अंत्वान पोरो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. पदवी पूर्ण, विद्यापीठातली खुर्ची पूर्ण, शिष्यांचा परिवार मोठा. १९१८ मध्ये त्यांनी मुस्लिम मानसावर लिहायला सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या पंथाने सांगितले की उत्तर आफ्रिकेचा मुसलमान जन्मतःच आदिम मनाचा, भावनांवर ताबा नसलेला, हिंसेकडे झुकलेला असतो. हे वैद्यकीय सत्य म्हणून विद्यार्थ्यांना शिकवले गेले. एका अख्ख्या समाजाला त्यांनी 'केस' करून टाकले. दस्तरखानावरची भाची एकट्या फुफीची अब्रू घालवू शकते. पोरोंनी लाखोंची घालवली, आणि त्यांना कुणी नीम हकीम म्हटले नाही.

१९५३ मध्ये ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात फ्रांत्झ फॅनन रुजू झाले. ते मार्टिनिकचे, मुसलमान नव्हेत, अरबीही त्यांना येत नव्हती. फ्रान्समध्ये शिकलेली सामूहिक उपचाराची पद्धत त्यांनी दोन्हीकडे सुरू केली. युरोपीय स्त्रियांच्या विभागात ती चालली. मुस्लिम पुरुषांच्या विभागात ती साफ पडली. पोरोंच्या शिष्याने म्हटले असते, पाहा, या लोकांचे मनच तसले. फॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने म्हटले की आपली पद्धत या माणसांच्या जगण्याला धरून नव्हती, आणि तसे त्यांनी १९५४ मध्ये छापून जाहीर केले. मग त्यांनी विभागात आपल्याकडच्यासारखे चहा-कॉफीचे दुकान उघडले, सण साजरे केले, गोष्टी सांगणारा कथेकरी बोलावला. माणसे बोलू लागली. पोरो आणि फॅनन यांच्या पदव्यांत फार फरक नव्हता. आपले ज्ञान कुठे संपते हे एकाला ठाऊक होते, दुसऱ्याला नव्हते.

म्हणजे अर्धेपणा तासांवर मोजता येत नाही. खुद्द हे शास्त्रही आज आपली सीमा तपासते आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या नामवंत नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी बहुतेक सर्वांनी ठोस परिणाम सांगितला होता. पुन्हा करताना तसा परिणाम सुमारे ३६ टक्के अभ्यासांतच मिळाला. यावरून शास्त्रच खोटे असा निष्कर्ष काढणे चूक होईल, कारण हा हिशेबही त्याच शास्त्राने मांडला आणि जगजाहीर केला. पण दुय्यम विषय शिकणाऱ्याने यातून एक धडा घ्यावा. वर्गात कंटाळवाणे वाटणारे संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हेच या विषयातले सर्वांत मोलाचे भाग आहेत. आजारांची नावे मोबाइलवरही मिळतात. आपल्या निष्कर्षावर शंका घेण्याची सवय मात्र वर्गातच लागते. इमाम मालिक कितीतरी प्रश्नांना 'मला ठाऊक नाही' असे उत्तर देत, ही गोष्ट मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. मदिनेच्या इमामाला जे म्हणायला लाज वाटली नाही, ते म्हणायला २४ क्रेडिटवाल्याला का वाटावी?

मग भाचीने करायचे काय? आमच्या मते, तिच्या अर्ध्या इल्मने तिला निकाल देण्याचा हक्क दिलेला नाही. जबाबदाऱ्या मात्र दिल्या आहेत.

पहिली जबाबदारी स्वतःकडे पाहण्याची. अबू बक्र अल-राझी यांनी 'तिब्ब-ए-रूहानी' या आपल्या ग्रंथात एक प्रकरणच यावर घातले आहे की माणसाला स्वतःचे दोष कसे कळावेत. त्यांचा सल्ला साधा आहे. विश्वासू आणि समजदार माणसाजवळ राहावे आणि माझे दोष मला स्पष्ट सांग, अशी त्याला विनंती करावी. हे शास्त्र आधी आपल्या अंगावर घ्यायचे आहे. फुफीचे नाव ठरवण्याआधी भाचीने स्वतःला विचारावे, मी हे दस्तरखानावर का बोलते आहे? फुफीला बरे वाटावे म्हणून, की मला किती कळते हे घराला दिसावे म्हणून?

दुसरी जबाबदारी तोंड सांभाळण्याची. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानी, दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी शोधत फिरणे आणि पाठीमागे बोलणे या तिन्ही गोष्टींना एकाच ठिकाणी मनाई आहे. शास्त्राच्या शब्दांत केलेली गीबत ही गीबतच असते. मनातले कुणी विश्वासाने सांगितले तर ती अमानत होते, आणि ती अम्मीलाही सांगायची नसते.

इथे एक कठीण वळण येते आणि ते टाळून चालणार नाही. वसतिगृहातली मैत्रीण रात्री म्हणते, 'तू सायकॉलॉजी शिकतेस म्हणून तुलाच सांगते. मला आता जगायचे नाही. कुणाला सांगणार नाहीस अशी कसम घे.' अमानत राखावी की मोडावी? आमच्या शरियतच्या जाणकारांनी जीव वाचवणे हे तिच्या मूळ हेतूंपैकी एक मानले आहे, आणि जगभरच्या समुपदेशकांची आचारसंहिताही जिवाला धोका असेल तिथे गुप्तता मोडायला सांगते. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. आम्ही एवढेच जोडू की मोडण्यालाही अदब आहे. आधी त्या मैत्रिणीलाच सांगावे की हे मी एकटी पेलू शकत नाही आणि तुला एकटी सोडणार नाही. मग ज्याला सांगणे गरजेचे आहे त्यालाच सांगावे, आणि गरजेपुरतेच. संपूर्ण वसतिगृहाला कळले तर ती मुलगी वाचली तरी पुन्हा कुणाशी बोलणार नाही.

तिसरी जबाबदारी दारापर्यंत सोबत जाण्याची. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. हे ठाऊक असणे, फॉर्म भरून देणे, पहिल्या दिवशी बाकावर शेजारी बसणे, औषध मध्येच बंद करू नये हे परत परत सांगणे, या कामांना पदवी लागत नाही. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. तिथल्या मुजावरांना आजार ओळखायला शिकवले गेले आणि दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसू लागले. दुआ मागायला आलेल्याला मुजावरच म्हणू लागले, दुआ झाली, आता तिकडे जाऊन दवाही घ्या. त्या मुजावरांनी मानसशास्त्राचे ३६० तासही घेतलेले नव्हते. श्रद्धेचा मान राखून त्यांनी माणसाला पुढच्या दारापर्यंत नेले. एरवाडी आणि उनावा ही दोन्ही दर्ग्यांचीच गावे. मध्ये उभ्या असलेल्या माणसाला काय ठाऊक होते, एवढ्याने त्यांच्यात इतके अंतर पडले.

आता फुफीकडे वळू. भाचीने दस्तरखानावर काही बोलू नये. दुपारी, घर निजलेले असताना, फुफीजवळ बसावे. 'फुफी, हात फार दुखतात का?' असे विचारावे आणि ऐकावे. आजाराचे नाव घेऊ नये, कारण ते ठरवणे तिचे काम नाही. पुष्कळांना असे होते, बल्खींसारख्या हकिमांनी यावर हजार वर्षांपूर्वी लिहिले आहे, आणि आज याचे डॉक्टर आहेत, एवढे सांगावे. वाटल्यास एखाद्या समजदार आलिमसाहेबांकडून हेही वदवून घ्यावे की शरियत अशा शंकेकडे दुर्लक्ष करायला सांगते, धूत बसायला सांगत नाही. मग म्हणावे, 'मी येते बरोबर.' फुफी पहिल्या दिवशी नाही म्हणेल. दुसऱ्या महिन्यात कदाचित हो म्हणेल. तोवर ही गोष्ट त्या दोघींच्यातच राहावी.

प्रवेशाच्या दिवसांत मुलगी फॉर्म घेऊन समोर येते आणि दुय्यम विषयाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारते, 'मानसशास्त्र घेऊ का?' त्या पालकांना आमचे सांगणे असे की, घेऊ द्या. यावर नोकरी मिळेल की नाही, हा हिशेब मुख्य विषयाने करावा. तिला आवडले तर ती पुढे पूर्ण शिकेल आणि आपल्या गावाला मनाची एक डॉक्टर मिळेल. नाही शिकली तरी मोहल्ल्यात एक माणूस असे तयार होईल की ज्याला साखळी आणि इलाज यांतला फरक कळतो. मात्र फॉर्मवर सही करताना तिला एवढे जरूर सांगा की, बेटी, या विषयाने तुला लोकांची मने वाचता येणार नाहीत. पण लोक तुझ्यापाशी येऊन बोलू लागतील. ते जे सांगतील ते जपून ठेव, आणि ज्याला गरज असेल त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा.